ऑर्व्हिल टॅकेटचं कोमट पाणी

ऑर्व्हिल टॅकेटला शहाणा म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय. आमच्या पेलिकन पार्कात हिवाळ्याला एकशे दहा ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढत आणायची चाकांवरची घरं, येऊन लागतात, आणि त्या एकशे दहांतल्या प्रत्येकाच्या दारात जाऊन हा गडी एकदा तरी अक्कल पाजळून आलेला आहे. मी या पार्काचं ऑफिस एकोणीस वर्षं सांभाळतेय. गटार तुंबलं की लोक माझ्याकडे येतात, शेजाऱ्याचा रेडिओ मोठा झाला की माझ्याकडे येतात, आणि ऑर्व्हिलने काही दुरुस्त केलं की रडत रडत तेही माझ्याचकडे येतात.

दिसायला उंच, पोक काढलेला. पँट सारखी खाली घसरायची, कारण पट्ट्याला पाने-पक्कडी लटकावून ठेवलेल्या. गळ्यात बुटाच्या नाडीला बांधलेली एक किल्ली. ती किल्ली चिमटीत धरून असा काही चालायचा की बँकेची तिजोरी उघडायला निघालाय वाटावं. अहो, किल्ली कसली! ट्रेलरच्या बाहेरच्या अंगाला जी बारकी बारकी झाकणं असतात ना, त्या सगळ्यांना, ट्रेलर कुणाचाही असो, तीच एक किल्ली लागते. माझ्या टेबलाच्या खणात तसल्या पाच पडल्यात.

ओक्लाहोमात एकतीस वर्षं शाळेची बस चालवली, एवढाच त्याचा पराक्रम. बायको वारली म्हणून सांगतो. वारली कुठली, टल्सात एका दातांच्या डॉक्टरबरोबर सुखाने नांदतेय. त्याच्या बहिणीनेच मला सांगितलं. निवृत्त झाल्यावर ट्रेलर ओढत इथे टेक्सासच्या किनाऱ्याला आला, पहिल्याच हिवाळ्यात टाकीत पाणी नसताना बटण दाबून स्वतःचा गिझर जाळला, आणि त्या दिवसापासून गिझरचा तज्ज्ञ झाला. पार्कातले लोक त्याला ‘डॉक्टर’ म्हणतात. त्याला वाटतं, मानाने म्हणतात.

पैसे घेत नसे. जेवण मात्र घ्यायचा. कुणाकडे पीकनची गोड पाई, कुणाकडे भाजलेलं मांस, कुणाकडे कालचं उरलेलं काय असेल ते. आणि कामाला हात लावायच्या आधी त्याचं एक वाक्य ठरलेलं: “हे तर एकदम सोपं आहे.” ते ऐकलं की मी तक्रारवही उघडून ठेवायचे.

आता आर्डिसचं सांगते. आर्डिस आणि वेंडेल लुंडीन, मिनेसोटाची माणसं, चौदा हिवाळे आमच्याकडे येणारी. त्यांचा ट्रेलर अगदी शेवटचा, जिथे गवत संपून वाळू सुरू होते तिथे. दोन वर्षांपूर्वी वेंडेलला झटका आला आणि त्याची उजवी बाजू गेली. तेव्हापासून आर्डिसच त्याचं सगळं करते. पार्कातलं न्हाणीघर लांब, वाळूच्या वाटेवर चाकाची खुर्ची रुतते, म्हणून ती त्याला ट्रेलरमध्येच स्टुलावर बसवून आंघोळ घालते. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, आणि अंगाने माझ्या निम्मी.

त्यांची मुलगी कार्ला तिकडे मिनेसोटात. तिने ख्रिसमसला फोनवर आईला स्पष्ट सांगून टाकलं होतं. “जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी मी येऊन बघणार. बाबांचं नीट होत असेल तर राहा मार्चपर्यंत, मी एक शब्द बोलणार नाही. नसेल होत, तर दोघांनाही घेऊन जाणार.” घेऊन जाणार म्हणजे वृद्धाश्रमात. तिथे वेंडेल आजाऱ्यांच्या इमारतीत, आर्डिस चालत्या-फिरत्यांच्या इमारतीत, आणि मध्ये गाड्यांचा तळ. पंचावन्न वर्षांच्या संसारानंतर! आर्डिसने हे मला सांगितलं ते धुतलेला कप पुन्हा पुन्हा पुसत.

आणि नेमकं जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात उत्तरेचं वारं सुटलं. पार्कातल्या उघड्यावरच्या नळाखाली हात धरवेना. माझा बिस्किट, चाळीस किलोचा पिवळा कुत्रा, रोज सकाळी वाळूत लोळून येणारा, तो तर त्या नळाकडे बघूनच पळायला लागला. त्याच आठवड्यात आर्डिसचं गरम पाणी गेलं.

गेलं म्हणजे अगदीच गेलं नाही. कोमट यायचं. नळ कितीही वेळ सोडा, कोमटच. आर्डिसने बोलावलं कुणाला, तर आमच्या डॉक्टरला.

“मिस आर्डिस, काळजीच करू नका,” ऑर्व्हिल म्हणाला. “हे तर एकदम सोपं आहे.”

पहिल्यांदा त्याने पलंगाखाली डोकं घातलं. मिनेसोटाचे लोक बर्फातून ट्रेलर आणताना पाणी गोठून नळ्या फुटू नयेत म्हणून त्यांच्यात गुलाबी औषध भरतात, आणि ते गिझरमध्ये शिरू नये म्हणून गिझरला बगल देणारी नळीवरची एक चावी फिरवून ठेवतात. इथे आल्यावर ती परत फिरवायला निम्मे जण विसरतात. ऑर्व्हिलने अर्धा तास खपून शोधून काढलं की चावी बरोबर आहे.

“अरे शहाण्या,” मी दारातून म्हणाले, “नोव्हेंबरपासून त्यांना कढत पाणी येत होतं. चावी चुकलेली असती तर आलं असतं का?”

“खात्री केलेली बरी असते, वांडा.”

“मग माझ्या नावाचीही खात्री करून घे एकदा.”

दुसऱ्या दिवशी त्याने विजेची कांडी बदलली. गिझर गॅसवरही चालतो, म्हणून तिसऱ्या दिवशी गॅसचं तोंड घासलं. मग टाकीत व्हिनेगर भरून रात्रभर ठेवलं, आणि पुढचे दोन दिवस वेंडेलला लोणच्याचा वास मारत होता. वेंडेलला बोलता येत नाही नीट, पण नाक मुरडता येतं. एवढं सगळं होऊनही पाणी जसंच्या तसं, कोमट. रोज संध्याकाळी हा पठ्ठ्या आर्डिसकडून लिंबाच्या गोड वड्यांचं ताट घेऊन माझ्या ऑफिसवरून जायचा. तोंडाला पिठीसाखर लागलेली. लाज म्हणून नाही. माझं तर डोकंच फिरायचं.

“डॉक्टर, पेशंट कसा आहे?” लोक विचारायचे.

“सुधारतोय,” हा म्हणायचा.

आर्डिस बिचारी कधी तक्रार करायची नाही. मिनेसोटाची माणसं अशीच. घराला आग लागली तरी म्हणतील, फार काही वाईट नाही. ती शेगडीवर पातेल्यात पाणी उकळायची आणि ते उचलून नेऊन वेंडेलच्या बादलीत ओतायची. एकदा हात हलला आणि मनगट भाजलं. त्याला तिने फडकं गुंडाळलं, वरून स्वेटरची बाही ओढली.

“दाखव बघू हात,” मी म्हटलं.

“फार काही वाईट नाही गं.”

दुसरा आठवडा संपता संपता ऑर्व्हिल एका सकाळी गिझरपाशी उकिडवा बसला होता. मी बिस्किटला फिरवून येत होते.

“वांडा, इकडे ये. टाकीला हात लाव.” मी लावला. चटका बसला. “बघितलंस? टाकीत पाणी कढतंय. मग नळाला कोमट का? कुठूनतरी थंड पाणी येऊन मिसळतंय.”

“तुझ्या डोक्यातून गळत असेल.”

हे त्याने मनावर घेतलं नाही. दाराकडे वळून ओरडला, “मिस आर्डिस, तो बाहेरचा शॉवर, वाळूकडच्या अंगाचा, कधी वापरता का?”

“छे!” आर्डिस आतून म्हणाली. “वेंडेल आजारी पडल्यापासून ते झाकणसुद्धा उघडलेलं नाही आम्ही.”

“मग तो नव्हे,” ऑर्व्हिल म्हणाला. बाईने सांगितलं ना, मग विषय संपला. ट्रेलरच्या पलीकडे जायला दहा पावलं, पण तेवढी गेला नाही. मी तिथेच उभी होते. मला ऑफिसला उशीर होत होता.

मग त्याने आतला व्हॉल्व्ह बदलला. मग नवा काढून पुन्हा जुना घातला. दोन्हीपैकी कशानेही फरक पडला नाही.

शनिवारी दुपारी कार्ला आली. विमानतळावरून भाड्याची गाडी घेऊन थेट ट्रेलरच्या दारात. ऑर्व्हिल गिझरसमोर गुडघ्यांवर, पँट खाली सरकलेली. ती त्याला वळसा घालून आत गेली, नळ सोडला, दोन मिनिटं हात धरून उभी राहिली. मग आईची बाही वर सारली.

“हे कधीचं?”

“फार काही...”

“आई, पुरे,” कार्ला म्हणाली, आणि वेंडेलच्या बुटांची पिशवी भरायला लागली.

आर्डिसने तिच्याशी हुज्जत घातली नाही. ती वेंडेलच्या शेजारी जाऊन बसली आणि त्याचा चांगला हात धरून ठेवला.

ट्रेलर इथेच राहायचा होता, गिऱ्हाईक मिळेपर्यंत बंद. बंद करायचा म्हणजे नळ्यांतलं पाणी काढून टाकायचं. रविवारी सकाळी ते कामही ऑर्व्हिलच करायला आला. कुणी बोलावलं नव्हतं. मी ट्रेलर विकायला ठेवल्याचे कागद घेऊन गेले होते, बिस्किट बरोबर होता. पाणी काढायचं तर ट्रेलरचा एकूण एक नळ उघडावा लागतो. आतले सगळे झाले, आणि मग ऑर्व्हिल त्या नाडीतल्या किल्लीने वाळूकडचं झाकण उघडायला पलीकडे गेला. मीही मागोमाग गेले. का गेले, मला ठाऊक होतं.

झाकण उघडलं. दोन्ही नळ आधीच उघडे होते, गरमही आणि थंडही. बंद होतं ते फक्त हातात धरायच्या फवाऱ्याचं बटण. तसं केलं की गरम आणि थंड पाणी आतल्या आत एकमेकांत घुसतं आणि सगळ्या ट्रेलरभर कोमट होऊन फिरतं. नळीला वाळू चिकटलेली. जाळीत पिवळ्या केसांचा गुंता.

ऑर्व्हिलने तो गुंता बोटाने काढला. मग बिस्किटकडे बघितलं. मग माझ्याकडे.

गार पाण्याने आंघोळ घालायला गेलं की बिस्किट चावायला उठायचा हो. आर्डिसचा ट्रेलर वाटेवरच, झाकण तिच्या खिडकीतून दिसत नाही, आणि किल्ली काय, सगळ्यांची एकच. त्याच्या अंगावरची वाळू धुवायची, पाच मिनिटांचं काम, कुणाचं काय जातंय? रोज उठून गरम-थंड जुळवत बसायला नको म्हणून नळ तसेच ठेवायची, फक्त बटण दाबायची. बटण दाबलं की पाणी बंद होतं, एवढंच मला माहीत. एकोणीस वर्षं ट्रेलरांत काढून एवढंच माहीत. आणि ऑर्व्हिल ‘बाहेरचा शॉवर’ म्हणाला तेव्हा मी गप्प बसले, कारण चोरून पाणी वापरते हे उघडं पडलं असतं.

त्याने दोन्ही नळ घट्ट बंद केले. गुंता खिशात टाकला. समोर जाऊन आतलेही नळ बंद केले, टाकी पुन्हा भरली, गिझर पेटवला आणि अर्धा तास पायरीवर बसून राहिला. मग आत जाऊन स्वयंपाकाचा नळ सोडला. खिडकीच्या काचेवर वाफ धरली.

आर्डिसने हात पुढे केला आणि चटकन मागे घेतला. “ऑर्व्हिल! अरे, काय झालं होतं तरी काय?”

मी दारात उभी होते. खरं सांगायची वेळ हीच होती.

“माझीच चूक, मिस आर्डिस,” ऑर्व्हिल म्हणाला. “बिघाड पहिल्याच दिवशी गेला असता, पण व्हॉल्व्ह मी उलटा बसवला होता.”

“तीन आठवडे?” कार्ला म्हणाली. “तीन आठवडे उलटा?”

“हो, मॅम.”

आर्डिस मुलीकडे वळली. “कार्ला, आता येतंय की गं गरम. आता नीट होईल. मार्चपर्यंत तर राहू दे.”

“आई, उद्या दुसरं काहीतरी मोडेल आणि हाच माणूस ते दुरुस्त करायला येईल. नाही.”

बिघाड ट्रेलरचा नव्हताच, आर्डिसचा तर नव्हताच नव्हता, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. कार्लाने ऐकलं असतं की नाही, देव जाणे. मी कागद टेबलावर ठेवले आणि सही कुठे करायची ते दाखवलं. जायच्या आधी आर्डिसने वेंडेलला कढत पाण्याने आंघोळ घातली. बराच वेळ घातली. आम्ही बाहेर उभे होतो.

तेव्हापासून पार्कात ऑर्व्हिलला डॉक्टर कुणी म्हणत नाही. ‘उलटा’ म्हणतात. मार्चात माझ्या ऑफिसातला नळ गळायला लागला तेव्हा कुणी सांगायच्या आधीच हा पक्कड घेऊन हजर. त्याच सकाळी आर्डिसचं पत्र आलं होतं. तो ओट्याखाली शिरलेला असताना मी ते मोठ्याने वाचलं. “वेंडेलला आठवड्यातून दोनदा आंघोळ घालतात, पाणी भरपूर गरम असतं. मला आत जाऊ देत नाहीत, दुपारी एक तास भेटू देतात. फार काही वाईट नाही. ऑर्व्हिलला सांग, माझा त्याच्यावर राग नाही.”

“बरं,” ऑर्व्हिल ओट्याखालून म्हणाला.

मी पत्राची घडी घातली. तेवढ्यात पोस्टाच्या पेट्यांपाशी उभं असलेलं कुणीतरी खिडकीतून डोकावलं आणि ओरडलं, “काय रे उलट्या, या वेळी तरी सुलटा लावतोयस ना?” बाहेर सगळे खो खो हसले. मीही हसले.