बेल्याच्या टाळ्यांचा सत्कार

पुण्याहून निघताना माझ्या पिशवीत एक शाल, एक नारळ आणि लॅमिनेट केलेलं मानपत्र होतं. नारळ आदिलाबादलाही मिळतो, हे मी बायकोला सांगायच्या आत तिनं तो कोंबला होता. सत्कार करायला निघालेल्या माणसानं परमुलखात नारळ शोधत फिरू नये, असं तिचं म्हणणं.

सत्कार कशाचा, ते आधी सांगतो. संगणकाच्या पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणारी एक प्रणाली आहे. अंध माणसं तिच्या आधारे संगणक चालवतात. ती मुक्त आहे, म्हणजे फुकट मिळते आणि कुणीही उघडून दुरुस्त करावी. तिला मराठी बोलायला शिकवण्याचं काम आम्ही काही हौशी मंडळी फावल्या वेळात करतो. पगार नसल्यामुळे मतं भरपूर आहेत. ‘सेटिंग्ज’ला मराठीत काय म्हणावं यावरून आमच्यातले दोन जुने मित्र अजून एकमेकांच्या घरी जेवत नाहीत.

दर रविवारी आमची ऑनलाइन सभा भरते. गोंधळ नको म्हणून समन्वयक जयदीप सगळ्यांचे माइक बंद ठेवतो. ज्याला बोलायचं असेल त्यानं पडद्यावरचं हाताचं चित्र दाबायचं, मग जयदीप त्याचा माइक उघडतो. कुणी हात वर केला नाही तर ठराव मंजूर. या पद्धतीचा आम्हाला फार अभिमान आहे, कारण आमचा एकही ठराव आजवर पडलेला नाही.

यंदाचा ठराव होता तो प्रणालीतला जुना मराठी आवाज काढून नवा गोड आवाज घालण्याचा. जुना आवाज पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखा येतो, आम्हाला तो ऐकवत नाही. तेलंगणात आदिलाबादजवळ बेला नावाचं गाव आहे, तिथल्या मराठी शाळेत इतिहास शिकवणाऱ्या अंध शिक्षिका सुनीताताई आमच्या सभेला नेमानं हजर असत, पण कधी बोलत नसत. हा ठराव मांडला त्या रविवारी मात्र त्यांच्या नावापुढे टाळ्यांचं चित्र उमटलं. पुढच्या रविवारी पुन्हा टाळ्या. जयदीप गहिवरला. ज्यांच्यासाठी करतो त्यांनीच दाद दिली म्हणाला. शेवटची मंजुरी थेट ताईंच्या घरून, त्यांच्या सत्कारासह जाहीर करायचं ठरलं. माझी रजा शिल्लक होती, म्हणून मी निघालो.

नांदेडहून गाडी किनवटची झाडी मागे टाकून आदिलाबादला पोचली. बसस्थानकावर सगळ्या पाट्या तेलुगूत. सर्व लिप्या सर्वांना वाचता याव्यात यावर मी तासभर बोलू शकतो. इथे त्या गोल गोल अक्षरांपुढे ठोंब्यासारखा उभा राहिलो आणि त्यातल्या त्यात ओळखीच्या वाटणाऱ्या पाटीच्या बसमध्ये चढलो.

“एक्कडिकी?” (कुठं जायचं?) कंडक्टरनं विचारलं.

“बेला.”

त्यानं माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं आणि घंटी मारली. बस निर्मल गावाला जाणारी होती. शेजारी भाजीची टोपली घेऊन बसलेली बाई म्हणाली, “बेल्याची गाडी तिकून सुटते, भाऊ. इचारलं काऊन नाई?”

“पाटी वाचत होतो.”

“पाटी कोन वाचते जी? आमी तं इचारूनच बसतो.”

विचारून बसलो आणि बरोब्बर बेल्याच्या बसमध्ये बसलो. जैनथ मागे पडलं तसा दोन्ही बाजूंना तिकडे पत्ती म्हणतात तो कापूस फुटलेला दिसू लागला. बाया पोटाशी ओटी बांधून वेचणी करत होत्या. काळ्या मातीवर एवढं पांढरं मी कधी पाहिलं नव्हतं. डोळे निवले, आणि उगीचच वाटलं की आपण काहीतरी थोर करायला चाललो आहोत.

बेल्यात मोटरसायकल घेऊन गुणवंतराव उभे होते, सुनीताताईंचे थोरले भाऊ. कापूस आणि ज्वारी पिकवणारे. घरी पोचताच ते म्हणाले, “पयले जेवून घ्या जी, मंग तुमचा सत्कार.” ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी आणि तेलात कालवलेली जवसाची चटणी. चटणी मी पुणेरी अंदाजानं घेतली आणि डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. गुणवंतराव समाधानानं म्हणाले, “साहेबाले लई भरून आलं.”

आतल्या खोलीत सुनीताताई एका जुन्या लॅपटॉपपुढे बसल्या होत्या. त्यातून पत्र्यावर गारा पडाव्यात तसा सलग तडतडाट येत होता.

“बिघडलाय का?” मी विचारलं.

“नाई सर, मी उद्याचा धडा वाचून राह्यली.”

तो आमचा जुना आवाज होता, इतक्या वेगात की मला एक शब्द कळला नाही. मी घसा साफ करून त्यांच्या टाळ्यांबद्दल समूहाच्या वतीनं आभार मानले.

“कोनत्या टाळ्या?” त्या म्हणाल्या.

मी सांगितलं. त्यांचे हात जागच्या जागी थांबले.

“सर, मी तं हरकत घेऊन राह्यली होती.”

त्यांनी सभेचं पान उघडून एक कळ पुन्हा पुन्हा दाबली. लॅपटॉप बोलला, “बटन. बटन. बटन. बटन.” आम्ही चित्रं सुबक काढली होती, त्यांना नावं द्यायची राहिली होती. “यात हात कोनता, तुमीच सांगा,” त्या म्हणाल्या. “एक दाबलं तं सभेतून बाहेर पडली. मंग दुसरं दाबलं. काई झालं नाई, तं वाटलं हाच हात असन. बसली वाट पाहत. कोनी बोलावलंच नाई.”

“मग मेल करायचा.”

“केला ना जी. उत्तर आलं, हरकत सभेतच घ्यावी, म्हंजे सगळ्याईले ऐकू येते.”

हे उत्तर जयदीपचं असणार, त्याला शंका नको. ताई पुढे म्हणाल्या, “नवा आवाज गोड हाय. पन माह्या लॅपटॉपवर अडखळते, अन् वेग वाढवला का शब्द गिळते. एक धडा ऐकाले सांज होते. नवी आवृत्ती आली का जुना आवाज आपोआप पुसून जाईन. मंग मी पोराईपुढं काय शिकवू?”

मला मनापासून लाज वाटली. शाल पिशवीतून काढायचंही सुचेना.

तेवढ्यात सभेची वेळ झाली. मी माझ्या लॅपटॉपवरून हात वर केला. “बोला, झाला का सत्कार?” म्हणत जयदीपनं माइक उघडला. मी लॅपटॉप ताईंकडे सरकवला. मला जे सांगितलं तेच त्यांनी सगळ्यांना सांगितलं. आवाज चढवला नाही.

माइक आमच्याकडेच होता. मी ठराव मांडला. जुना आवाज राहील, नवा त्याच्या सोबतीला येईल, आणि यापुढे सभेत कुणाचाही माइक बंद करायचा नाही. हरकत असेल त्यानं हात वर करावा.

पडद्यावर सगळे पुतळ्यासारखे बसले होते. गुणवंतराव दारातून म्हणाले, “कोनी बोलत काऊन नाई?”

“आमच्यात याला मंजुरी म्हणतात,” मी म्हणालो. जयदीपनं खाली मान घालून ‘मंजूर’ असं टाइप केलं.

मग सत्कार झाला. नारळ गुणवंतरावांनी तिथल्या तिथे फोडून खोबरं वाटलं. मानपत्र ताईंनी मला वाचून दाखवायला सांगितलं. ‘टाळ्यांच्या गजरात पाठिंबा दिल्याबद्दल’ इथे आलो तेव्हा त्या खूप हसल्या. “हे तुमी घेऊन जा,” म्हणाल्या, “शाल राहू द्या. इकडं थंडी लई पडते.”

परतीच्या गाडीत मी फोनवर तो जुना आवाज त्यांच्या वेगानं लावून पाहिला. कमी करत करत पार कासवगतीला आणला तेव्हा कुठे पहिलं वाक्य कळलं. एवढ्या हळू ऐकणाऱ्या आम्हा लोकांनी त्यांच्या सोयीचा निर्णय घेतला होता.

आता आमच्या सभेत कुकरच्या शिट्ट्या, कुणाच्या घरची भांडणं आणि बेल्यातला तो तडतडाट सगळं एकदम ऐकू येतं. शिस्तीचं मातेरं झालं आहे आणि ठराव पडू लागले आहेत. बटणांना नावं कोणती द्यावीत यावर अर्थातच वाद चालू आहे. परवा जुन्या आवाजासह नवी आवृत्ती बाहेर पडली, तेव्हा आम्ही सगळ्यांनी टाळ्यांचं चित्र दाबलं. सुनीताताईंना यातलं काहीच ऐकू आलं नाही. त्यांनी विचारलं, “सगळे गप काऊन झाले? कोनाची हरकत हाय का?” आणि त्यांनी आपल्या दोन हातांनी टाळ्या वाजवल्या. मग आम्हीही हातांनी वाजवल्या.