नलूचा डावा पाय

"जन्मापासूनच हाय तिचं असं," रुखमाबाई वणीच्या दवाखान्यात म्हणाली. ते खरं नव्हतं.

रुखमाबाई राजूरच्या चुनाभट्टीवर दगड फोडायची. तिची नलू पाठीवर लिंबाएवढा फुगा घेऊन जन्मली होती. तीन महिन्यांची असताना नागपुरात तो कापून शिवला. पोर वाचली, उशिरा का होईना चालली, आणि पुढे डाव्या पायावर लंगडीही खेळू लागली. एकसष्टच्या उन्हाळ्यात तोच पाय घासत चालला. एकदा तो पाणी घालून विरत ठेवलेल्या कढत चुन्यात पडला. कातडी सोलली, तरी नलू रडली नाही. उलट विचारू लागली, तू काहून रडून राह्यली, माय?

छप्पनला धम्म घेतला तेव्हा रुखमाबाईच्या घरच्यांनी घरातले देव नाल्यात सोडले होते. नलूचा पाय घासू लागल्यापासून शेजारची भागीरथा येता-जाता ऐकवायची, "देव नाल्यात टाकले तवाच म्या म्हनलं होतं." म्हणून रुखमाबाईनं एक उत्तर तोंडी बसवून घेतलं. जन्मापासूनच. म्हणजे देव घरात होते तेव्हापासून. त्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर भागीरथा शेजारीच होती. रुखमाबाईनं बसवलेलं उत्तर दिलं, डॉक्टरांनी कागदावर उतरवलं.

दोन वर्षांत दुसरा पायही ढिला पडला. तोच कागद घेऊन ती नागपूरला गेली. मोठ्या डॉक्टरांनी तळव्यांना टाचणी टोचून पाहिली, पाठीचा जुना वण दाबला, मग कागद वाचला. म्हणाले, चालत्या मुलीचा पाय मागाहून गेला असता, तर शिवलेल्या जागी, मज्जारज्जूत, पाण्याची गाठ धरल्याचा संशय आला असता. पाठीत औषध टोचून फोटो काढला असता. ती सुई जोखमीची. जन्माच्या दुखण्याला ती कशाला?

"चालत होती ते, साहेब. याच पायावर लंगडी खेळत होती."

"मग इथं जन्मापासून असं कोणी सांगितलं?"

"म्याच."

"का?"

देव, नाला, भागीरथा. हे सगळं त्या टेबलासमोर कुठून सुरू करायचं, तिला कळेना. डॉक्टर रागावले नाहीत. आशा सुटली की आया असंच काहीतरी आठवून सांगतात, म्हणाले, आणि पुढच्याचा कागद ओढला.

"माय, सांग न," नलू म्हणाली. "मी खेळत होती."

रुखमाबाई खाली बसली, नऊ वर्षांच्या पोरीला पाठुंगळी घेतलं, भिंतीचा आधार घेत उठली आणि बाहेर पडली.