मुळं पाहिल्याशिवाय सोयरीक नाही

आमच्या ह्यांचं, म्हणजे विश्वनाथरावांचं, ऑफिस शहरात, सदरला. पण माणूस सापडणार कुठल्यातरी नर्सरीत, उकिडवा बसलेला. हे फलोत्पादन तज्ज्ञ. रोपांना माती कोणती, पाणी किती, हे नर्सरीवाल्यांना सांगत थेट पारशिवनीपर्यंत हिंडतात. एकच खोड वाईट. वाफ्यातलं सगळ्यात देखणं रोप उचलायचं, पिशवी फाडायची आणि मुळं बघायची. नर्सरीवाले आल्याआल्या ह्यांच्या हातात चहा देतात. तेवढाच हात अडकतो.

मी हे आजवर हसण्यावारी नेलं. पण आमच्या लेकीनं, नूपुरनं, पसंत केलेल्या मुलाच्या वडिलांची कन्हानला नर्सरी निघाली आणि माझं हसू पळालं. बोलणी करायला निघतानाच मी बजावलं, "आज तुम्ही पोरीचे बाप आहात. पिशवीले हात लावला तं माझ्याशी गाठ आहे!"

"नाही लावत वं," हे म्हणाले. इतक्या पटकन कबूल झाले, तिथंच मी ओळखायला हवं होतं.

मुलाचे वडील मारोतराव मोठे हौशी. चहापाणी व्हायच्या आत आम्हाला, नूपुरसकट, संत्र्याची कलमं दाखवायला घेऊन गेले. मागे त्यांचा मुलगा कुशल, घाबराघुबरा. हिरवीगार, टवटवीत कलमं! ह्यांनी हात पाठीमागे बांधले. मी देवाचं नाव घेतलं. आणि टर्र!

मुळं तपकिरी. बोटानं ओढलं तर साल सुटून हातात आली.

"पाणी जास्त होऊन राहिलं, मारोतराव. सडले मुळं. हा माल विकू नका, लोकायच्या बागा बसतीन."

मारोतराव लालबुंद झाले. "तुम्ही सोयरीक जमवाले आले का माल नापास कराले?"

कुशलनं मान खाली घातली. मला ह्यांचा असा राग आला की काय सांगू! पोरीचं जमत आलेलं लग्न ह्या माणसानं एका पिशवीपायी मोडलं. आणि पोरगी कुठे? नवी साडी सावरत ती पलीकडच्या वाफ्यात शिरली होती. टर्र! मी डोळेच मिटले. बापाचीच लेक.

"हे पाहा, याचे मुळं पांढरेशुभ्र आहेत," नूपुर म्हणाली. "हा वाफा उंचावर आहे. तिकडं नुसतं पाणी साचून राहिलं. चर काढला तं पुढचा माल वाचते, मामाजी."

आमच्याकडे मामाजी म्हणतात सासऱ्याला. अजून कशाचाच पत्ता नव्हता आणि ही म्हणून मोकळी!

मारोतरावांनी दोन्ही रोपं हातात घेऊन मुळं शेजारी शेजारी धरून पाहिली. मग त्यांनी कुशलला तो खालचा वाफा विक्रीतून काढायला सांगितलं. माझे डोळे भरून आले, आनंदानं, आणि खरं सांगते, थोड्या अभिमानानंही.

"पोरगी आमची झाली," मारोतराव म्हणाले आणि ह्यांच्याकडे वळले. "पण तुम्ही, व्याहीबुवा, लग्नाले हात खिशात घालून या."