राजूरला मिळालेल्या कण्या

त्या दिवसांत मला सगळ्यात जास्त भीती वाटायची ती ताटाची. छातीत गाठ निघाली, ऑपरेशन झालं, तोवर मी धीरानं घेतलं होतं. पण केमो सुरू झाली आणि वरणभातसुद्धा परका वाटू लागला. तोंड आतून सोललेलं, जिभेवर सगळ्याची चव लोखंडासारखी. त्यात भेटायला येणारं प्रत्येक माणूस काहीतरी बंद करून जायचं. नणंद म्हणाली, साखर नको, गूळही नको. कोणी दूध सोडायला सांगितलं, कोणी गहू. वाटूरच्या जाऊबाईंनी कुठलासा काढा पाठवला, तो पोटात ठरेना. सगळ्यांची माया खरी होती, म्हणून कोणाला नाही म्हणवत नव्हतं. डॉक्टर एवढंच सांगायचे, की ताजं शिजवलेलं, जे घशाखाली उतरेल ते खा. ते पटायचं, तरी घास उचलला की मनात यायचं, आपण आजारालाच खाऊ घालत नाही ना? शेवटी मी नुसत्या पेजेवर आले. वजन असंच उतरत राहिलं तर पुढचा डोस लांबवावा लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं, तेव्हा हे दवाखान्यातच डोळे पुसत बसले.

अशात चतुर्थी आली. लग्न झाल्यापासून मी चतुर्थीचा उपास सोडला नव्हता. ह्यांनी या वेळी धरू नको म्हणून परोपरीनं विनवलं. मी ऐकलं नाही. खरं सांगायचं तर उपासाचं मला बरंच वाटलं. निदान त्या दिवशी काय खावं हा प्रश्न नव्हता. मी म्हटलं, मला राजूरला न्या, गणपतीपुढं बसू द्या.

गर्दी टाळायला आम्ही सकाळी लवकरच दर्शन घेतलं. देवापुढं उभी राहिले आणि मागायला शब्दच सुचेनात. बरं कर म्हणायचंही त्राण नव्हतं. एवढंच म्हणाले, मला आता काही कळत नाही, तूच बघ. बाहेर पायऱ्यांशी येताच डोळ्यांपुढं अंधारी आली. ह्यांनी मला सावलीत टेकवलं आणि गाडी जवळ आणायला धावले.

शेजारी एक वयस्क बाई कापडी पिशवी घेऊन बसली होती. माझा मास्क, डोक्याला गुंडाळलेला रुमाल तिनं न्याहाळला.

"औषध चालू हाये का, माय? केस जाणारं?"

मी मान हलवली.

"माझ्या बहिणीचं बी तेच चालू हाये. आज ती इथं येणार व्हती. तिच्यासाठी पहाटं उठून कण्या केल्त्या. आत्ता फोन आला, अंगात कणकण हाये म्हणं, दवाखान्यात चालली." तिनं पिशवीतून झाकणाचा डबा काढला. उघडताच वाफ आली. ताकात शिजवलेल्या ज्वारीच्या मऊ कण्या. "तिखट बिलकुल न्हाई. तिचं तोंड आल्तं ना. खा दोन घास."

"आज चतुर्थी आहे, मावशी."

"मला बी उपास हाये. पण मी धडधाकट हाये." तिनं मंदिराकडं पाहिलं आणि चमचा माझ्यापुढं धरला. "मी इथं बसून इचार करून राह्यले व्हते, की हे आता कोनाला द्यावं. मंग तू येऊन बसली."

मी चमचा घेतला. कण्या जिभेला झोंबल्या नाहीत, टोचल्या नाहीत. ताकाची आंबूस चव मला कळली. किती दिवसांनी एखाद्या अन्नाला त्याची स्वतःची चव होती. हे आले तेव्हा मी डबा निपटत होते. ते त्या बाईपुढं वाकले.

दुसऱ्या दिवसापासून मी कोणाला विचारणं सोडलं. डॉक्टर सांगतील ते आणि मुखात जाईल ते, एवढंच धरलं. कण्या, मुगाची खिचडी, पुढं अंडंही. सगळे डोस झाले. आता तपासण्या चालू आहेत, पुढचं मला ठाऊक नाही. त्या मावशीचं नाव विचारायचं राहून गेलं. तिच्या बहिणीसाठी मात्र रोज हात जोडते.

तो योगायोग असेल, कृपा असेल, मी वाद घालत नाही. मला वाटायचं, देवासाठी काहीतरी सोडावं लागतं. पण तिनं पुढं केलेला डबा हातात घेणं मला अन्न सोडण्यापेक्षा कितीतरी अवघड गेलं, आणि देवानं त्या दिवशी माझ्याकडून तेवढंच करवून घेतलं.