लायसनवरचं कुंकू

माझ्या लायसनवरच्या फोटोत कपाळाच्या जागी पांढरा डाग आहे. वर केस आहेत, खाली भुवया आहेत, मधे काही नाही. साकीनाक्याला एका हवालदाराने ते हातात घेऊन विचारलं होतं, "हे काय रे? उंदराने खाल्लं?" मी म्हटलं, "घासलं गेलं, साहेब." त्याने परत दिलं. घासलं गेलं हे खरंच होतं. कोणी घासलं ते त्याने विचारलं नाही.

मी अंधेरीला गवताची लॉरी चालवायचो. बोरिवलीच्या पलीकडून गवत भरायचं आणि जोगेश्वरी-अंधेरीच्या तबेल्यांवर नेऊन टाकायचं. दुसऱ्या मोठ्या लढाईत पेट्रोल मिळेना तेव्हा कोळशाच्या गॅसवरसुद्धा चालवली. तोंड काळं व्हायचं. बायको म्हणायची, घोव माझो लॉरीवर गेलो नि परत आलो तो कोळशेवालो. ती शेवटपर्यंत मालवणीच बोलली. मुंबईत आयुष्य गेलं, पण जीभ तिकडचीच राहिली.

मी शिकलो चार यत्ता. लिहिता येतं, पण फार नाही. लायसनच्या पुस्तकावर दर वर्षी नवा शिक्का मारून घ्यावा लागायचा, आणि ती तारीख माझ्या कधी लक्षात राहिली नाही. ती तिच्या लक्षात असायची. तिला अक्षर येत नव्हतं, पण तिची आठवण दसऱ्याला बांधलेली होती. दसऱ्याला आम्ही लॉरी धुवायचो, झेंडूची माळ घालायचो, चाकाखाली लिंबू ठेवायचो. मालक नारळ फोडायचा. सगळ्या ड्रायव्हरांच्या बायका ताट घेऊन यायच्या आणि आपापल्या नवऱ्याच्या गाडीला ओवाळायच्या. घरी आल्यावर ती माझ्या खिशातून लायसन काढून घ्यायची, देव्हाऱ्यात ठेवायची आणि त्यावर हळद-कुंकू घालायची. दिवाळीच्या आत ते माझ्या हातात परत द्यायची. "घेवा. आता शिक्को मारून आणा." दसरा झाला की लायसन, हा तिचा हिशोब. आणि तो कधी चुकला नाही.

कुंकू ती पुस्तकाच्या पुठ्ठ्याला लावत नव्हती. पुस्तक उघडायची आणि आत माझा फोटो होता, त्याच्या कपाळाला लावायची. पहिल्या वेळी मी ओरडलो.

"अगं, हे सरकारी आहे! माझ्या थोबाडाला कुंकू लावतेस? मी काय बाई आहे?"

"देवाक नाय लायत? तो काय बायल आसा?"

"मी देव आहे का?"

"तुम्ही कसले देव! पण लॉरयेक लायलंय, मगे जो चलवता तेका नको?"

दर वर्षी त्याच जागी ती बोट टेकवायची. बोट पाण्यात बुडवून कुंकवात घालायची, म्हणून ते घट्ट बसायचं. जुनं निघायच्या आधी नवं चढायचं. पुढे पुढे ते फोटोवर खपली धरल्यासारखं झालं, वाटाण्याएवढं. लायसनच्या ऑफिसातले कारकून बघून हसायचे आणि शिक्का मारून द्यायचे. माझी ओळख होती तिथे. वय झालेला माणूस, नेहमीचा.

वय झालेलं तिलाही दिसत होतं. शेवटच्या दोन वर्षांत मला संध्याकाळी लांबचं नीट दिसेनासं झालं होतं. मी कोणाला बोललो नाही. पण तांदूळ निवडायला बसलो की खडे राहायचे. ती ताट ओढून घ्यायची. "तुमका हातातलो खडो दिसना नाय आणि रस्त्यावरलो माणूस खंय दिसतलो?" मी म्हणायचो, खडा लहान असतो, माणूस मोठा असतो. ती हसायची नाही. घाटकोपरला आमचा मुलगा कारखान्यात लागला होता, त्यालाही ती सांगायची की बाबांना आता सोडायला सांग. तो सांगायचा. मी ऐकायचो नाही. आणि इतकं बोलूनही दसऱ्याला ती बोट बुडवून माझ्या कपाळाला कुंकू लावायचीच. सोडा म्हणायची ते वेगळं आणि चालवताय तोवर सुखरूप या, हे वेगळं. दोन्ही तिचंच.

त्या वर्षीच्या दसऱ्यालाही तिने लावलं. आणि दसरा होऊन दिवाळी यायच्या आत ती गेली. ताप आला होता. डॉक्टर म्हणाला, उतरेल. उतरला नाही.

चाळीतल्या बायकांनी तिला हिरवं लुगडं नेसवलं, ओटी भरली, कपाळभर मळवट भरला. मला त्यातल्या एकीचं बोलणं ऐकू आलं, "भाग्याची गो. कुंकू घेऊन गेली." सगळ्याजणी तिच्या पाया पडल्या. मी खोलीच्या दारात उभा होतो. मला त्यांचा राग आला होता. मेलेल्या बाईचं कसलं भाग्य, असं वाटत होतं. आता राग येत नाही.

सुतकात आम्ही देव्हाऱ्याला हात लावत नाही. दिवा नाही, फूल नाही, काही नाही. लायसन त्यात होतं. आणि मी जमिनीवर चटई टाकून बसलेला. तारीख कोण सांगणार? ती सांगायची. तेरावं झालं, घर धुतलं, मुलगा देव्हारा पुसायला गेला तेव्हा त्याने आतून लायसन काढलं आणि वाचलं.

"बाबा, ह्याची तारीख तर गेली."

"कधी?"

"गेल्या आठवड्यात."

मग म्हणाला, "बरंच झालं ना. आता पुरे. चला घाटकोपरला."

"तुझ्या घरी काय करू? सुनेकडे चहा मागत बसू?"

"मागू नका, ती देईल."

"मला नाही यायचं."

त्याला वाटलं मी हट्टी आहे. हट्ट नव्हता तो. लॉरी नसती तर मला त्या खोलीत बसावं लागलं असतं. सकाळी उठून चूल दिसायची. तिचं लुगडं दांडीवर होतं, ते कोणी काढलं नव्हतं. मी सकाळी बाहेर पडलो आणि रात्री परत येऊन पडलो, तर ती खोली मला दिसणार नव्हती. मला लायसन पाहिजे होतं ते गवतासाठी नाही, मालकासाठी नाही. त्या खोलीत दिवसा बसायला लागू नये, एवढ्यासाठी. ही एकच गोष्ट होती. बाकी काही सुचत नव्हतं.

दुसऱ्या दिवशीच ऑफिसात गेलो. खिडकीत नेहमीचा कारकून नव्हता, नवा होता.

"आजोबा, तारीख उलटून गेली."

"घरात सुतक होतं."

"सुतकात गाड्या चालतात की."

"लायसन देव्हाऱ्यात होतं."

मागे रांगेतला कोणीतरी हसला. कारकून हसला नाही. त्याने विचारलं, "कोण गेलं?" मी सांगितलं. त्याने पुस्तकावरची तारीख परत बघितली. मग म्हणाला, तारीख गेली म्हणजे नुसता शिक्का मारून चालणार नाही, साहेबांसमोर जावं लागेल.

साहेब आवारात उभा होता. तरुण होता, माझ्या मुलाएवढा. रस्त्यापलीकडे एक लॉरी उभी होती. तिचा नंबर वाच म्हणाला. दुपारचं ऊन होतं म्हणून वाचला. संध्याकाळ असती तर वाचला नसता, हे मला माहीत होतं, त्याला नव्हतं. गाडी चालवायला लावली. ती मी झोपेतही चालवली असती. झालं म्हणाला. मग पुस्तक उघडलं.

"हा कोण?"

"मीच, साहेब."

"चेहरा कुठे आहे? ह्यावर मी सही कशी करू? नवा फोटो आणा, नवं पुस्तक करा."

परत खिडकीवर आलो. कारकुनाला विचारलं, नवं पुस्तक व्हायला किती दिवस? तो म्हणाला, मधे दिवाळीची सुट्टी, फोटो, कागद... पंधरा दिवस धरा. जास्तही लागतील.

पंधरा दिवस. त्यात दिवाळी. बाहेर सगळीकडे कंदील, आणि मी त्या खोलीत.

कारकून चांगला माणूस होता. त्याने मला मदतच केली. टेबलावर तिकिटं भिजवायची ओल्या स्पंजाची डबी होती, ती पुढे सरकवली आणि हळू आवाजात म्हणाला, "आजोबा, हे पुसून टाका ना. खाली चेहरा असेलच. साहेब आत्ता सही करतील, आजच काम होईल."

मी स्पंजावर अंगठा दाबला आणि पुसलं.

पहिल्यांदा वरची हळद निघाली. मग लाल. मग खालचं जुनं, तपकिरी, कडक झालेलं. ते निघेना, म्हणून नखाने खरवडलं. खपलीबरोबर फोटोचा वरचा पापुद्रा सोलून आला आणि खाली पांढरा कागद दिसला. बाकीचा चेहरा बरा होता. डोळे, नाक, मिश्या. साहेबाने बघितलं, "हं, आता तुम्ही दिसता," म्हणाला आणि सही केली. शिक्का बसला. एका वर्षाचा.

माझा अंगठा लाल झाला होता. बाहेर फाटकाजवळ नळ होता. तिथे मी हात धुतला. घाण झाली की धुतो तसा. तेवढंही ठेवलं नाही.

मी काय केलं ते मला तेव्हा कळलं नाही. बोरिवलीला गवत भरताना कळलं. लॉरीवर चढायच्या आधी खिशाला हात लावून लायसन आहे का बघायची सवय होती. ते काढलं, उघडलं, आणि चाळीतल्या त्या बाईचं बोलणं कानात आलं. कुंकू घेऊन गेली. ती घेऊन गेली होती. मागे जे ठेवलं होतं ते माझ्या कपाळावर होतं, आणि ते मी पुसलं. विधवेचं कुंकू लोक पुसतात. माझ्या बायकोचं, ती अहेव मेली तरी, तिच्या नवऱ्याने पुसलं. पंधरा दिवस कळ काढली असती तर नवं पुस्तक मिळालं असतं आणि जुनं मागून घेता आलं असतं. कारकुनाने दिलं असतं. मी विचारलंच नाही.

ते एक वर्ष मी लॉरी चालवली. खोलीत दिवसा बसलो नाही, हे खरं. पण रात्री काय, आणि रविवारी काय? जोगेश्वरीला एका तबेल्यासमोर दिवेलागणीला म्हैस रस्त्यात बसली होती. ती मला अगदी जवळ आल्यावर दिसली. ब्रेक लागला, म्हैस उठून गेली. गवळी मला आईवरून बोलला. मी खाली उतरून चाकाला टेकून उभा राहिलो. तिचं तांदळाचं ताट आठवलं. त्यानंतर मी उजेडातच फेऱ्या मारायला लागलो, आणि मालकाने हळूहळू लॉरी दुसऱ्याच्या हातात दिली. मी भांडलो नाही.

पुढची तारीख आली तेव्हा ऑफिसात गेलो नाही. मुलाने एकदाच विचारलं, "बाबा, जायचं नाही?" मी नाही म्हटलं. खोली सोडली आणि घाटकोपरला आलो. शेवटी इथेच यायचं होतं, तर एक वर्ष आधी आलो असतो तर काय बिघडलं असतं?

इथल्या पहिल्या दसऱ्याला सुनेने शिवणयंत्र पुसून मांडलं. मुलाची हत्यारं त्याच्या शेजारी ठेवली. मग माझ्याकडे आली. तिला सासूने कधीतरी सांगितलेलं असणार.

"मामंजी, तुमचं लायसन द्या."

मी दिलं. तिने उघडलं, बोट पाण्यात बुडवलं, कुंकवात घातलं आणि फोटोवर आणून थांबली.

"मामंजी, ह्यात कपाळच नाही. लावू कुठे?"

तिच्या बोटाच्या टोकाला कुंकू ओलं होतं. त्या पांढऱ्या डागावर ते बरोबर बसलं असतं. पण मी हात पुढे करून पुस्तक काढून घेतलं.

"राहू दे गं. त्याची तारीख गेली आता," म्हटलं, आणि लायसन खिशात टाकून शिवणयंत्राला हात जोडले.