चंद्रभागेनं धुतलेला ओटा

...हां, बादलीचं शेवटी सांगते, सोनू, आधी ओटा लिही. खडकीच्या बाजारातला, दाराजवळचा दगडी ओटा. त्यावर चंद्रभागा पालेभाजी घेऊन बसायची. तिची सासू सांगायची, गोऱ्यांची पलटण यायच्या आधी तिथं यांचाच मळा होता. पलटण आली, मळा गेला. मग मडमांना ताजी भाजी हवी, म्हणून साहेबानं तिथंच बाजार बांधला अन् मळेवाल्यांना बसायला एकेक ओटा दिला. आपल्याच रानात पाहुण्यासारखं बसायचं, दुसरं काय!

साहेबाची एक सक्त ताकीद. संध्याकाळी ओटा धुतल्याशिवाय घरी जायचं नाही. काठी आपटत बघायला यायचा म्हणे. साहेब गेला, काठी गेली, धुणं काही गेलं नाही. सासूनं बजावलेलं, "ओटा पारोसा ठेवलास तर भाकरी गोड लागायची नाही." बाकीच्या बायकांनी ते कधीच सोडलं. चंद्रभागा तापानं फणफणली तरी बादली ओतायचीच.

मध्यंतरी तो बाजार पाडून नवा बांधायचा निघाला. ठेकेदाराचा माणूस आला, वापरातल्या ओट्यांवर खडूनं फुल्या मारत गेला. "फुली असेल त्याला नवा गाळा. उद्या रंगानं पक्की करतो, तोवर पुसू नका."

चंद्रभागेनं दिवसभर फुलीवर काडी ठेवली नाही. गिऱ्हाईक जुडी टाकायला लागलं की, "अहो ताई, तिकडं ठेवा, इथं माझा गाळा आहे!"

शेजारची कांताबाई म्हणाली, "अगं, हळदकुंकू वाहा तिला!"

संध्याकाळी मेथी संपली, बाई खुशीत. टोपली आवरली, बादली भरून आणली. मनात नव्या गाळ्याला फळी कुठं ठोकायची ते चाललेलं, अन् हात आपला आपण चालला. खराटा फिरला. पांढरं पाणी पायाशी आलं तेव्हा कळलं तिला.

सकाळी रंगवाला आला. ही हात जोडून उभी.

"दादा, इथंच होती हो फुली."

"आजी, सगळे हेच म्हणतात."

"मी धुतली."

"का?"

कांताबाई मधे पडली, पोरांच्या शपथा घेतल्या. "तुमची फुली आहे ना? मग गप बसा," रंगवाला म्हणाला. चंद्रभागा ठेकेदाराकडे गेली, तर तो म्हणे, रंग दिसला पाहिजे. रंग कुठून दिसणार? ओटा तर लख्ख.

गाळा गेलाच. आता ती कर्वेनगरला लेकीकडे, शर्मिलाकडे असते. शर्मिला चिडते, "एक दिवस नसता धुतला तर काय बिघडलं असतं, आई?" खरंच आहे तिचं.

अन् ती बादली? ओट्यापाशीच पडलेली, मी उचलून आणली. पत्र्याची आहे, कड चेपलेली. आमच्या मोरीत ठेवलीय. हे वाचून कुणी कर्वेनगरकडे जाणारं असेल, तर घेऊन जा बाबांनो, शर्मिलाच्या हातात द्या. अन् तिला म्हणावं, आईला एवढ्यात दाखवू नकोस.