कुणी न पेरलेला तुकडा

सकाळी दार उघडलं तर ओट्यावर माझ्या झेंड्या. बांबूच्या काठ्या, टोकाला लाल कापड. आदल्या दिवशी धरणाच्या उघड्या पडलेल्या तळात, डोकं फिरवणाऱ्या उन्हात, मी स्वतः रोवलेल्या. कुणी मोडल्या नव्हत्या की फेकल्या नव्हत्या. गोळा करून, चिखल धुऊन, कापडं पिळून भिंतीला ओळीनं टेकवून ठेवल्या होत्या. खाली पाण्याचं थारोळं अजून वाळायचं होतं.

असं दुसऱ्यांदा झालं होतं. पहिल्या वेळी मी गावातल्या टवाळांचा मोठ्या आवाजात उद्धार केला होता. या वेळी आवाज निघेना. नासधूस करणारा माणूस मला कळतो. झेंडी धुऊन घरपोच देणारा कळेना.

मी तेव्हा सरपंच होते. त्याआधी मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये मेजर. फौजेत नर्सलाही रँक असते आणि सलाम मिळतो. तो मिळायचा बंद झाला की माणूस निवडणुकीला उभा राहतो, निदान मी तरी राहिले. इंदापूर तालुक्यात, उजनी धरणाच्या फुगवट्याच्या काठावर आमचं सासरचं गाव. सरपंचपद महिलांसाठी राखीव झालं, लोक म्हणाले मेजरबाई उभ्या राहा, आणि मला वाटलं देशाला पुन्हा माझी गरज पडली. चोपन्न वर्षांची होते, म्हणजे अगदीच तरुण आणि त्या मानानं बरीच मूर्ख.

धरण झालं तेव्हा जुनं गाव पाण्याखाली गेलं आणि नवं वर वसलं. माळावर पुढं एक वस्ती झाली, बाहेरून आलेल्या लोकांची. तिथं नळ नव्हता. टँकर आला की बायका एकमेकींच्या झिंज्या उपटायच्या. त्यांना पाणी द्यायचं तर जॅकवेल हवी होती. जॅकवेल म्हणजे धरणाच्या तळातच बांधलेली विहीर. पाणी कितीही हटलं तरी तिच्यात येत राहतं आणि पंप ते वर उचलतो. ती बांधायची मे महिन्यातच, कारण तेव्हाच तळ उघडा पडतो. त्या वर्षी काम सुरू झालं नाही, तर पुढच्या मेपर्यंत वाट बघावी लागणार होती.

जागा मी शोधली होती. पाणी हटलं की उघड्या पडलेल्या गाळात लोक पेरतात, त्याला गाळपेर म्हणतात. जमीन सरकारची, पण वीतभर जागेसाठी सख्खे भाऊ कुऱ्हाडी काढतात. आणि या सगळ्या कलिंगड-काकड्यांच्या मधोमध एक तुकडा मोकळा होता. काळाभोर, ओलसर, सपाट. नांगराची रेघ नाही की शेळीचं पाऊल नाही. इंदापुरात असा तुकडा मोकळा दिसला तर शहाण्या बाईनं घाबरायला हवं. मी म्हटलं, वा, अतिक्रमण नाही! त्याच्या बरोबर मधे कमरेवर हात ठेवून फोटोही काढून घेतला.

ग्रामसभेत नकाशा मांडला. ठरावाला एक सूचक आणि एक अनुमोदक लागतो. माळावरचे दोघं उठले, त्यांनी नावं दिली. जुन्या गावची माणसं नुसती बसून होती. कुणी खोकलं नाही की तंबाखू मळली नाही. पंख्याची कटकट तेवढी ऐकू येत होती. एवढी माणसं एवढी गप्प मी फक्त परेडला पाहिली होती.

"कुणाचा विरोध?" मी विचारलं.

कुणी बोललं नाही.

"मग मंजूर!"

उपसरपंच तात्या, जुन्या गावचे, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे, बाहेर आल्यावर चप्पल शोधत म्हणाले, "घाई हुत न्हाय ना जरा, मेजरबाई?"

"तात्या, सभेत का नाही बोललात?"

"सभंत बाया हुत्या." एवढंच म्हणून गेले. मला वाटलं, म्हातारा बायकांसमोर लाजतो.

नंतर कामगार येईनात. एकाची सासू आजारी, दुसऱ्याचा पाय मुरगळला. जेसीबीवाला काठापर्यंत आला, इंजिन बंद करून मशीनमध्येच बसून राहिला आणि तासाभरानं माघारी गेला. डिझेल संपलं म्हणाला. माघारी जायला बरं पुरलं. बारामतीहून येणारे इंजिनिअरसाहेब तरुण होते, वैतागून म्हणाले, "मॅडम, तुमच्या गावाला पाणी नकोय का?"

"गावाला हवंय. कुणीतरी राजकारण करतंय," मी म्हणाले.

त्यात जागा आखायला रोवलेल्या झेंड्यांचा हा प्रकार. मग मी ठरवलं की पाळत ठेवायची. पुन्हा झेंड्या रोवल्या आणि दुसऱ्या दिवशी फटफटायच्या आत, थर्मास आणि दुर्बीण घेऊन, काठच्या वेड्या बाभळींत जाऊन बसले. साडीत, पायात फौजी बूट. नातवंडांना हे सांगते तेव्हा ती लोळून हसतात. हसू देत.

उजाडायला लागलं. वारा पडला होता. पाण्यावर एक पक्षी नाही. जुन्या गावाचे पाये तळात दिसत होते, गुडघाभर उंचीचे, गाळानं माखलेले. आणि त्यातून बायका येत होत्या.

सगळ्या साठी-पासष्टीच्या. हातात वाट्या. बोलत नव्हत्या. पण माझ्या अंगावर काटा आला तो त्यांच्या चालण्यानं. चहूकडं मोकळं मैदान, सरळ यायला कुणाची आडकाठी नाही, तरी त्या सरळ येत नव्हत्या. मधेच वळायच्या. दोन जोत्यांमधून एकामागं एक निघायच्या. एका ठिकाणी तर, जिथं हवेशिवाय काही नव्हतं, तिथं सगळ्यांनी पाळीपाळीनं माना खाली घातल्या आणि पुढं येऊन पुन्हा वर केल्या. नसलेल्या गल्ल्यांतून, नसलेल्या वेशीखालून त्या येत होत्या.

तुकड्याच्या कडेला येऊन त्यांनी चपला काढल्या. वाट्यांतलं दूध जमिनीवर ओतलं. दुर्बिणीतून ते मला स्पष्ट दिसलं. भेगाळलेल्या कडेनं ते क्षणात ओढून घेतलं, पांढरा डागसुद्धा राहिला नाही. मग एकजण आत गेली. पाऊल चाचपत, माझ्या झेंड्या एकेक करून उपटायला लागली.

ती माझी थोरली जाऊ होती. अक्का. दीर गेले, आमचे हे गेले, त्यानंतर एकाच घरात, एकाच चुलीवर आम्ही दोघीच राहत होतो.

माझा पारा चढला. करणी! माझ्याच घरातून! बाभळीतून उठले आणि समोरच्या कडेनं तरातरा तुकड्यात शिरले.

"थांब!"

ओरडली अक्काच, पण बाकीच्या सगळ्यांचे हात एकदम तोंडावर गेले होते. मी एक पाय उचललेला, तशीच थांबले.

"फुडं पाऊल टाकू नगंस. आलीस तशी माघारी फिर. आपल्याच पावलांवर पाय ठिवून."

सुरुंगात सापडलेले जवान मी सांभाळलेले आहेत. सुरुंग पेरलेल्या जागेत शिरलं की असंच बाहेर पडतात, उलट, आपल्याच ठशांवरून, हे त्यांनीच मला सांगितलेलं. म्हणून मी काही विचारलं नाही. उलट चालत बाहेर आले. गाळात माझ्या बुटांचे ठसे खोल उठले होते आणि त्यांत पाणी भरत होतं.

अक्का वळसा घालून माझ्याजवळ आली. काखेत झेंड्या, हाताला गाळ.

"अक्का, काय आहे इथं?"

"दात न आलेलं लेकरू जाळत न्हाईत, म्हाईत हाय न्हवं तुला? नर्सबाई तू."

मला माहीत होतं. तान्ही मुलं पुरतात. लष्करी इस्पितळात मी तशी गाठोडी बापांच्या हातात दिलेली आहेत.

"जुन्या गावची समदी हितंच. माझं बी." ती तुकड्याकडं न बघता बोलत होती. "धरान आलं तवा देव उचलून नेले, दारं नेली, तुळया नेल्या. ह्यांस्नी कसं न्यावं? आन् नेमकं कुठं त्ये तरी कुणाला ठावं? गडी घिऊन जायचे, बायांना येऊ देत न्हवते. जागा कंदी दावली न्हाय. म्हनून समदा तुकडाच आमचा, एकेकीचा."

"मला सांगायचं तरी."

"तू कुठं इचारलंस? तू सांगितलंस."

"आणि झेंड्या धुता कशाला?"

"हितली माती घरी न्हेत न्हाईत बाई."

मी खाली बसून बूट काढले. पाण्यात नेऊन धुतले.

इंजिनिअरसाहेबांना फोन केला. "जागा बदलायची आहे."

"मॅडम, ठराव झालाय. कारण काय लिहू?"

"माझी चूक लिहा."

"तसा कॉलम नाही. आणि दुसरी खोल जागा लांब आहे, पाइप वाढेल, फाइल पुन्हा वर जाईल. या वर्षीचं काम गेलं म्हणून समजा."

पुन्हा ग्रामसभा घेतली. माळावरचा एकजण टेबलावर हात आपटून म्हणाला, "आमी अजून एक उन्हाळा टँकरमागं पळायचं? का? कारन सांगा!"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मागं बायकांत अक्का उठली. ग्रामसभेत ती कधी बोललेली नव्हती. म्हणाली, "तितं आमची लेकरं हायती." आणि खाली बसली.

माळावरचा माणूस उभाच राहिला. मग त्याच्या बायकोनं त्याचा शर्ट ओढला, तेव्हा तो बसला.

तात्या उठले. "दुसरी जागा माझ्या गाळपेरीत येती. घ्या. कलिंगडं न्हाय लावली तर मरत न्हाय मी." मान वर न करता बोलले ते. दूध ओतणाऱ्या बायकांत त्यांची बायको होती. आणि लेकरू टोपलीत घालून घेऊन जाणाऱ्या गड्यांत कधीतरी तेही असणार. नेमकी जागा त्यांना ठाऊक असेल. मी विचारलं नाही. अजूनही कुणी विचारलेलं नाही.

तो उन्हाळा टँकरवर गेला, भांडणं झाली, एकीचा हात मोडला, तो मीच बांधला. पुढच्या मे महिन्यात तात्यांच्या तुकड्यात जॅकवेल झाली आणि माळावर नळाला पाणी आलं.

मग पंचायत समितीची निवडणूक लागली. मी उभी राहिले. माळावर मतं मागायला गेले तेव्हा सगळे शांतपणे ऐकत होते. कुणी एक तक्रार केली नाही. मी खुशीत घरी आले आणि अक्काला म्हटलं, "माळाचा काहीच विरोध नाही."

अक्का भाकरी थापता थापता माझ्याकडं नुसती बघत राहिली.

माळानं मला आपटलं. तेव्हापासून माझा एक नियम आहे, आता तालुक्यात नव्यानं निवडून आलेल्या पोरींना तोच सांगते. सभा गप्प बसली की ठराव करू नका, चहा मागवा. पहिल्या कपाला माणसं पावसापाण्याचं बोलतात. दुसरा संपेपर्यंत घड्याळाकडं बघायचं नाही.